तेवीस तासांचे बूट

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचा डावा पाय आतल्या बाजूला वळलेला होता. तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून आणि टाच वर ओढलेली. चांदूर बाजारच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरनं तो पाय दुपट्यात नीट गुंडाळला आणि बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, "पोरगी गोरी हाय हो मॅडम." मी म्हटलं, "आणि पाय?" ती म्हणाली, "होऊन जाईल बरोबर."

पुढचे सात आठवडे मी "होऊन जाईल" एवढंच ऐकलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाचं तोंड बघायची, मग दुपटं उचकायची, मग माझ्याकडे बघायची आणि मग विचारायची, "ग्रहणात काई चिरलं होतं काय वं?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. ग्रहण कसं लागतं ते दर वर्षी चेंडू आणि टॉर्च घेऊन मुलांना दाखवते. माझ्या गरोदरपणात ग्रहण लागलं होतं की नाही हेसुद्धा मला आठवत नव्हतं, पण सासूबाईंना आठवत होतं. त्या दिवशी मी भेंडी चिरली होती, हेही त्यांना आठवत होतं.

मालिशवाली बाई रोज सकाळी यायची. तेल कोमट करून पाय धरायची आणि दाबून सरळ करायची. तिच्या हातात असेपर्यंत पाय सरळ दिसायचा, सोडला की पुन्हा वळायचा. "फरक हाय," ती म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "हाय न." मी बाळंतीण. माझं मत कोणी विचारत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही फरक बघायचा होता, म्हणून मीही मान हलवायची.

लस द्यायला आरोग्य केंद्रात गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरणीनं दुपटं बाजूला केलं. "किती दिवसांची?"

"सात आठवड्यांची."

"सात आठवडे काय केलंत?"

"मालिश."

तिनं पेन टेबलावर ठेवलं, खिडकीतून बाहेर बघितलं, पुन्हा पेन उचललं आणि चिठ्ठी लिहून दिली. अमरावतीचं लहान मुलांचं हॉस्पिटल, दर गुरुवारी, पायांची ओपीडी. वर म्हणाली, "या गुरुवारी. पुढच्या नाही."

त्या गुरुवारी आम्ही जीप करून निघालो. बाळ, मी, माझे मिस्टर, सासूबाई, मामाजी म्हणजे माझे सासरे, अकोल्याहून मुद्दाम आलेली माझी आई, नणंद आणि मालिशवाली बाई. तिला का न्यायचं असं मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "पायाचं तिलेच जास्त मायीत हाय." पोहोचून नोंदणी केली, तेवढ्यात बाळ रडलं म्हणून मी जीपमध्ये परत येऊन पाजलं.

ओपीडीच्या दारात एक सिस्टर उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर. तिनं आमची रांग वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "पाय किती जणाइचे दाखवाचे हायेत?"

आत फक्त बाळ आणि दोन माणसं. मामाजींना हा अपमान वाटला. ते बाहेरच्या बाकावर जाऊन पेपर वाचत बसले आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

आतल्या व्हरांड्यात गेले आणि माझे पायच थांबले. दोन्ही बाजूंच्या बाकांवर बाया बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक बाळ, प्रत्येक बाळाच्या पायाला मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर. कोणाच्या एका, कोणाच्या दोन्ही. धामणगावची एक, दर्यापूरची एक, मेळघाटातून पहाटे निघालेली एक. सात आठवडे मला वाटत होतं की असा पाय जगात एकच आहे आणि तो माझ्यामुळे आहे. इथं तर भेंडी चिरणाऱ्या बायांची रांगच लागली होती. मला हसू आलं आणि लगेच रडूही. सिस्टर म्हणाली, "रडाचं असन तर आत्ताच रडून घ्या. आत डॉक्टरले येळ नसते."

डॉक्टर दर गुरुवारी अकोल्याहून गाडीनं यायचे. कमी बोलणारे. त्यांनी पाय हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला आणि हळूच बाहेरच्या बाजूला वळवला. बाळ रडलं नाही. मालिशवालीच्या हातात ती किंचाळायची.

"दर आठवड्याला थोडा थोडा वळवायचा आणि प्लास्टर करायचं," ते म्हणाले. "सहा प्लास्टर लागतील. कदाचित सात. मग टाचेमागची घट्ट शीर सैल करायला एक छोटासा छेद. मग बूट."

"मग झालं?"

"मग सुरू होतं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

प्लास्टरची तयारी झाली तेव्हा सिस्टरनं विचारलं, "आत्ता पाजलं काय?" मी अभिमानानं सांगितलं, हो, पोटभर. तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "काहून पाजलं? प्लास्टर करतानी पाजाचं असते. भुकेलं लेकरू पेत राह्यते, पाय ढिला सोडते. भरल्या पोटाचं लाता झाडते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कागदावर लिवलं हाय."

मी कागद दाखवला. ज्या ओळीत ते लिहिलं होतं, नेमकं तिच्यावर नोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला होता. सिस्टरनं तो कागद घेतला, तडक खिडकीपाशी गेली आणि तिथं काय बोलली ते मला कळलं नाही. पण पुढच्या गुरुवारी शिक्का कोपऱ्यात होता.

मग ते गुरुवार सुरू झाले. जीप दर वेळी परवडणारी नव्हती, मिस्टरांचं कृषी केंद्राचं दुकान, त्यामुळे मी आणि सासूबाई एसटीनं जायचो. बसमध्ये प्लास्टर दिसलं की शेजारची बाई वळायची. "माय वं, एवढ्याशा जिवाचा पाय मोडला?" पहिल्यांदा मी समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा थोडक्यात सांगितलं. चौथ्या गुरुवारी मी म्हटलं, "हो, क्रिकेट खेळताना." त्या बाईनं आसेगाव येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई मात्र प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायच्या, ग्रहणासकट. वलगावपर्यंत आख्ख्या बसला माझ्या भेंडीची माहिती झालेली असायची.

प्लास्टरमधून पायाची बोटं दिसत राहिली पाहिजेत, हे सिस्टरनं आम्हाला दोघींना पाठ करून घेतलं होतं. बोट दाबायचं, पांढरं होतं, सोडलं की गुलाबी झालं पाहिजे. बोटं आत गेली तर प्लास्टर सरकलं, तसंच निघून यायचं. पाणी लागू द्यायचं नाही. यातलं शेवटचं सोडून सासूबाईंनी सगळं पाळलं. तिसऱ्या प्लास्टरच्या वेळी मी दुपारी जरा डोळा लावला आणि उठून बघते तर न्हाणीघरात बाळाची आंघोळ चाललेली. प्लास्टर मऊ झालेलं, भिजलेल्या बिस्किटासारखं.

"पाय वरच धरला होता," त्या म्हणाल्या.

"मग भिजला कसा?"

"पोरगीच खाली करून राह्यली न."

शनिवार होता. अमरावतीला पोहोचलो तर पायांचे डॉक्टर अकोल्याला, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ते प्लास्टर काढून पाय मोकळा केला आणि गुरुवारी या म्हणून सांगितलं. पाच दिवस पाय मोकळा राहिला आणि जेवढा वळला होता त्यातला अर्धा परत गेला. सहाचे सात प्लास्टर झाले. सिस्टरनं फक्त एवढंच विचारलं, "कोणी?" सासूबाई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागल्या. त्यांना वाचता येत नाही.

छेद द्यायच्या दिवशी आणखी एक तऱ्हा. बाळ पहाटेपासून उपाशी, आमचा पहिला नंबर, आणि संमतीच्या कागदावर वडिलांची सही हवी. मिस्टर त्या दिवशी मोटारसायकलवर सोबत आले होते, पण "गाडी सावलीत लावून येतो" म्हणून जे गेले ते गेले. फोन केला तर माझ्याच पर्समध्ये वाजला.

"मी सही करते, मी तिची आई आहे," मी म्हटलं.

"हो, पण इथं वडील लिहिलंय," टेबलामागचा माणूस म्हणाला.

"खोडा आणि आई लिहा."

"खाडाखोड चालत नाही, मॅडम."

डॉक्टरांनी पुढचं बाळ घेतलं. मग त्याच्या पुढचं. माझं बाळ रडून रडून निळं व्हायला आलं तेव्हा मिस्टर प्रसन्न चेहऱ्यानं आले. गाडी लावली तिथल्या टपरीवर गिलावडा ताजा निघत होता. माझ्यासाठीही बांधून आणला होता. मी तो पुडा घेऊन समोरच्या बाकावरच्या मेळघाटच्या बाईला दिला आणि मिस्टरांशी दोन दिवस बोलले नाही. छेद द्यायला दहा मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी शेवटचं प्लास्टर काढलं तेव्हा पाय सरळ होता. खरोखर सरळ. टाच खाली, तळवा खाली. मी तो पाय तळहातावर धरून बसले होते, इतक्यात सिस्टरनं बूट आणले.

दोन छोटे चामड्याचे बूट, एका लोखंडी दांडीवर ठोकलेले, तोंडं बाहेरच्या बाजूला. दोन्ही पाय त्यात अडकवायचे. तेवीस तास. एक तास आंघोळीला आणि मोकळं खेळायला. असं तीन महिने, आणि नंतर चार वर्षांची होईपर्यंत फक्त झोपेत.

"पाय तर सरळ झाला," मी म्हटलं.

"पायाले आपली जुनी सवय आठवते," सिस्टर म्हणाली. "बूट नाई घातले तर परत पह्यल्यापासून. प्लास्टर आमचं काम होतं. हे तुमचं."

पहिले तीन दिवस ती इतकी रडली की समोरच्या घरातून लोक विचारायला आले. चौथ्या दिवशी तिनं दांडी उचलून खाटेवर आपटायचा शोध लावला आणि तिला त्यात मजा वाटायला लागली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात माझी रजा संपली आणि मी शाळेत जायला लागले.

रोज संध्याकाळी आल्यावर विचारायची, "आई, बूट घातले होते?" सासूबाई म्हणायच्या, "घातले होते न." बाळाच्या पायात बूट असायचेच. महिन्याभरानं ओपीडीत सिस्टरनं बूट हातात घेतले, पट्टा उलटा केला, आतला भाग बोटानं चाचपला, नाकाशी नेला.

"दिवसाचे किती तास?"

"तेवीस," मी म्हटलं.

"हे पट्ट्याचं भोक पाहा. तेवीस तासाचं भोक असं लांबोळकं होते. हे तर दुकानातल्यावानी कोरं हाय. आतलं चामडंही वाळलेलं. घाम नाई लागला याले." तिनं बूट माझ्या हातात दिले. "मले नका सांगू तेवीस. घरी जाऊन मोजा."

डॉक्टरांनी तीन महिन्यांचे पाच केले. बसस्टँडपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि बसमध्ये बसल्यावर थांबले नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लबाडी नाई केली मी. तू इचारलं, घातले होते काय. मी म्हटलं, घातले होते. किती येळ, थे तू इचारलंच नाई."

"आई!"

"तू गेली की थे हात पुढं करते. पाय झाडते. माह्याकडे पाहून रडते. मले नाई पाहवत. तू शाळेत असतेस, तुले काय मायीत."

हे मला लागलं, कारण खरं होतं.

पुढच्या वेळी सिस्टरनं निरोपच पाठवला होता, आजीले समोर बसवा. सासूबाई घाबरून बसल्या. सिस्टर रागावलीच नाही. बूट त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "माय, तुमच्या हातानं घाला. मले दाखवा." बुटाच्या टाचेला एक छोटं भोक असतं, त्यातून टाच खाली टेकली की नाही ते दिसतं. मला ते महिनाभर नीट जमलं नव्हतं. सासूबाईंनी गुडघा वाकवला, पाय आत सरकवला, एका हातानं टाच दाबली, दुसऱ्यानं पट्टा ओढला. भोकात टाच. सिस्टरनं वाकून बघितलं आणि व्हरांड्यातल्या चार आयांना हाक मारली, "या इकडं, पाहा कसे घालतात थे."

त्या दिवसापासून माझं घरात राहणं कठीण झालं. बूट घालायचा अधिकार फक्त सासूबाईंचा. मी घातले की त्या काढून पुन्हा घालायच्या. एक तासाच्या सुट्टीत घड्याळ बघत बसायच्या आणि मी बाळाला घेऊन अंगणात रेंगाळले तर आतून ओरडायच्या, "झाला तास!" मालिशवाली सहज भेटायला आली, तर तिला दारातच सांगितलं, "पायाले हात नाई लावाचा."

मुलगी सव्वा वर्षाची झाली, धरून धरून चालायला लागली. बूट आता फक्त झोपेत. तेव्हा अकोल्याला माझ्या भावाचं लग्न निघालं. मी आठवडाभर आधी माहेरी गेले. बूट पिशवीत भरले होते. निघायच्या आधी काढून ठेवले.

का काढले, हे मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं सांगत होते. पिशवीत जागा नव्हती, वगैरे. खरं एवढंच की घर पाहुण्यांनी भरणार होतं, नवरीकडची माणसं येणार होती, आणि खाटेवर दांडीच्या बुटांतली मुलगी बघून पुन्हा सगळ्यांना पहिल्यापासून सांगायची माझ्यात ताकद उरली नव्हती. आठवडाभर ती चारचौघांच्या मुलांसारखी झोपावी असं मला वाटलं. लग्नानंतर तिला ताप आला, मुक्काम आणखी वाढला. सासूबाई रोज फोन करायच्या. पोट्टी जेवते काय, ताप उतरला काय, पाहुण्याइले रडते काय. बुटांचं कधी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायचं.

परत आल्यावर मुलीनं बूट नाकारले. पुन्हा पहिल्यासारखं रडणं, लाथा. दोन महिने कधी घातले, कधी अर्ध्या झोपेत काढले. आणि मग एक दिवस अंगणात ती चालताना मला दिसलं की डावी टाच टेकत नाही.

डॉक्टरांनी पाय हातात घेतला. "मध्ये खंड पडला होता?"

मी म्हटलं, "नाही."

मागून सासूबाई म्हणाल्या, "माह्याकडूनच झालं असन साहेब. दुपारच्या येळी. म्हातारं माणूस, डोळा लागते."

डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं समजावून सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई मान खाली घालून हो हो म्हणत राहिल्या. सिस्टर माझ्याकडे बघत होती. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होते.

पुन्हा तीन प्लास्टर. दीड वर्षाच्या मुलीला प्लास्टर करणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. चार जणांनी धरायचं आणि तिनं चौघांनाही चावायचं. तिन्ही गुरुवारी मी गप्प राहिले. तिसरं प्लास्टर निघाल्यावर परतीच्या बसमध्ये मुलगी दांडीच्या बुटांसकट माझ्या मांडीवर झोपली आणि मी सासूबाईंना सांगितलं की अकोल्याला मी बूट नेलेच नव्हते.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मले मायीत हाय."

"कसं?"

"बूट घरीच होते न वं. कपाटाखाली. तू गेली त्याच दिवशी झाडतानी दिसले. रोज दिसत होते."

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

"काय बोलाचं? पाहुण्याइच्या घरात तुले खोटं बोला लागलं असतं."

"आणि डॉक्टरांना सांगितलंत की तुमच्याकडून झालं."

"तू मास्तरीण हायेस. तुले बोलले असते तर तू आठ दिवस जेवली नसती. मले बोलले तर काय होते? मले सगळेच बोलतात." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण लबाड हायेस. मी एक महिना लबाडी केली तर तू मले बसमधी किती बोलली होती."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली नाही, कारण पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून विचारलं होतं, पोरीच्या पायाले काय झालं, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं होतं. यावेळी ग्रहण वगळलं होतं. भेंडीही. "जन्मताच असते हे," त्या सांगत होत्या, "कोणाचा दोष नसते. अमरावतीले बरोबर करतात."

पुढच्या गुरुवारी मी सिस्टरलाही सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्याच काढतात एकदा. सांगतात लय कमी." आणि शिक्षा म्हणून म्हणा की काय, दर वेळी मला एखाद्या नव्या आईशेजारी बसवायला लागली. "यांना सांगा, काढले तर काय होते थे." त्यात माझा अर्धा दिवस जायचा, बस चुकायची, आणि ती नवी आई हमखास माझ्याकडे अशी बघायची, जणू म्हणत होती, मी नाही बाई तसली.

मागच्या महिन्यात मुलगी चार वर्षांची झाली आणि आम्ही शेवटचं दाखवायला गेलो. डॉक्टरांनी तिला उकिडवं बसायला सांगितलं. ती बसली नाही. टाचांवर चालून दाखव म्हणाले. तिनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी बिस्किट दाखवलं, मी डोळे वटारले, सिस्टरनं व्हरांड्याच्या टोकाशी उभं राहून "ये माह्याकडं" म्हटलं. तेव्हा मॅडम पळाल्या. दोन्ही टाचा जमिनीवर आपटत, पार जिन्यापर्यंत. डॉक्टर मागून बघत राहिले, म्हणाले, "बूट बंद. वर्षानं एकदा दाखवा."

सासूबाईंनी विचारलं, "अजून थोडे दिवस घातले तर?" डॉक्टर हसले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर पडलो. ऊन मी म्हणत होतं, ऑटो मिळेना, बसस्टँड लांब. मी मुलीचा हात धरून चालायला लागले. दहा पावलं झाली आणि ती रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसली.

"मी नाई चालत. मले उचल."

"चार वर्षं आम्ही काय एवढ्यासाठी केलं का गं?" मी ओरडले. दोन माणसं वळून बघायला लागली.

"पाय दुखते," ती म्हणाली आणि उजवा पाय पुढे केला.

सासूबाईंनी पिशवी माझ्या हातात कोंबली, तिला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागल्या.